पालकांचा अभिप्राय

"साहेबांचं अक्षर आणलंय का?" विरुपाक्ष फ्रेमवाल्यांनी विचारलं. ज्ञानदाला वाटलं, आई आता नाही म्हणेल, नुसता फोटो करा म्हणेल, आणि सुटलो.

आईनं पर्समध्ये हात घातला.

नवी पेठेतल्या या दुकानाची खासियतच ती. गेलेल्या माणसाचा फोटो आणि खाली त्याच्याच हातची एक ओळ. भिंतभर जुन्या फ्रेमा होत्या. कुणा आजोबांच्या फोटोखाली, 'पत्र पोचताच उत्तर टाकणे, जिवाला घोर लागतो.' कुणा मावशींच्या खाली, 'चकल्या पाठवल्या आहेत, मोडल्या तरी खा.' ही चकल्यांची ओळ ज्ञानदाला इतकी आवडली, की आपण कशासाठी आलोय तेच ती क्षणभर विसरली.

"आता कोण आणतंय, अक्का," विरुपाक्ष म्हणाले. "लोकं मोबाईल पुढं करत्यात. गुड मॉर्निंगचा मेसेज दावत्यात, म्हणत्यात हेच छापा. गेलेल्या माणसाखाली गुड मॉर्निंग कसं छापू, तुमीच सांगा की!"

आई चक्क हसली. अकरा महिन्यांत पहिल्यांदा.

"आमच्याकडेही तेच. लग्न ठरलं तेव्हाच हातात मोबाईल आले होते. सतरा वर्षांत मला एक ओळ लिहिली नाही हो त्यांनी. निघालो, पोचलो, दूध आण. आणि बाकी सगळ्याला तो अंगठा." आईनं अंगठा वर करून दाखवला. "सगळं घर शोधलं. सह्या सापडल्या, बँकेतल्या, पॅन कार्डावरची. ओळ एकही नाही. आणि परवा माळ्यावर हिच्या जुन्या दप्तरात हे मिळालं."

काउंटरवर प्रगतिपुस्तक आलं. आठवीचं.

"ज्ञानू, तू वाच. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

ज्ञानदानं वाचलं. खरं तर बघायचीही गरज नव्हती. "'आमची ज्ञानदा हुशार आहे. गणितात मागे पडली, पण हरणारी नाही. मला तिचा अभिमान आहे.'" खाली सही. रामहरी.

"वा!" विरुपाक्ष म्हणाले. "बापानं लिवावं तर असं."

"तोंडानं कधी म्हणाले नाहीत बघा. हिला तर वाटायचं, बाबांना आपलं कौतुकच नाही. आणि माणूस इथं लिहून गेलाय."

गणितात तेव्हा बावीस पडले होते. बाबा पहाटेच्या गाडीनं कुर्डुवाडीला ड्यूटीवर गेलेले, आणि बावीस दाखवायची हिंमत तरी कुणाची होती! सही तिनं पॅन कार्डावरून बघून बघून गिरवली. वरचा अभिप्राय कुठून बघणार? मग अक्षर डावीकडे झुकवलं आणि मनाला येईल ते लिहून टाकलं. लई मजा वाटली होती. पण एकदा लिहिलं म्हणजे पुढचे सगळेच अभिप्राय तिला लिहावे लागले. मध्येच बाबांचं खरं अक्षर आलं असतं, तर बाईंनी लगेच पकडलं असतं.

"प्रगतिपुस्तक नाही का गं मिळालं?" बाबांनी एकदा विचारलं होतं.

"आता सगळं ॲपवर येतं, बाबा."

बाबांनी मान डोलावली होती. ते पुस्तक त्यांनी कधी हातात धरलंच नाही.

"आई, हे नको ना," ज्ञानदा म्हणाली. "त्यापेक्षा बाबांचा मेसेज छापू. 'पोचलो' छापू. खरंच छान दिसेल."

"पोचलो म्हणे! टाइप काय, कुणीही करतं. अक्षर तेवढं माणसाचं असतं."

"अगं ऐक ना. ते बाबांनी..."

"काय?" आई वळली. डोळे भरलेले, पण चेहरा लग्नाच्या अल्बममधल्यासारखा. "बोल की."

"काही नाही. निळ्या पेनानं लिहिलंय. फिकं येईल."

"ते मी बघतो की," म्हणत विरुपाक्षांनी पावतीपुस्तक तिच्यापुढे सरकवलं. "नाव आन् नंबर तूच लिही, पोरी."

तिनं लिहिलं. जमेल तितकं सरळ, उभं, गोल अक्षर काढलं.

विरुपाक्ष तीस वर्षं लोकांची अक्षरं कापत, जोडत, मोठी करत आले होते. त्यांनी पावतीकडे पाहिलं. प्रगतिपुस्तकाकडे पाहिलं. पुन्हा पावतीकडे. तिच्या नावातल्या 'ज्ञ'च्या शेपटीवर त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी ज्ञानदाकडे पाहिलं, आणि ती आपल्या चपलांकडे बघत राहिली.

"अक्का," ते हळूच म्हणाले, "दुसरं काय न्हाय का साहेबांचं? चिठ्ठी, डायरी? किराण्याची यादी असली तरी चालंल."

"नाही हो. एवढंच आहे."

विरुपाक्षांनी पावती फाडली, पण आईच्या हातात दिली नाही. घडी घालून आपल्याच खिशात टाकली.

"किती मोठं करू?"

आईनं दोन्ही हात पसरून माप दाखवलं. मग ते अजून थोडे लांब केले.

"दारातनं वाचता आलं पाहिजे," ती म्हणाली. "हिच्या अभ्यासाच्या टेबलासमोर खिळा ठोकूनच आलेय."