एक्केचाळीस मेसेज

"उन्मेष, काय गोंधळ घातलायस हा?" चैत्राली मॅडम केबिनमधून तणतणत आल्या. "एक्केचाळीस घरी मेसेज गेलेत!"

उन्मेषने कपाळावर हात मारला. "चूक झाली मॅडम. जुन्या दिवसांवर चालवताना मेसेज बंद करायचे राहिले."

अंबरनाथच्या त्या केमिकल कारखान्यात कॉम्प्युटर रोज सकाळी ठरलेली कामं आपोआप करतो. गेटवरच्या कार्डांच्या नोंदी गोळा करतो, हजेरी लावतो. सोमवारी उन्मेषने त्यात एक नवं काम जोडलं होतं: आत गेलेल्या माणसाची बाहेर पडल्याची नोंद नसेल, तर घरी मेसेज. नवं काम आपलं आजपासून पुढेच चालतं. मागच्या दिवसांवर ते मुद्दाम चालवावं लागतं. नव्याने आलेल्या मॅडमना मागच्या तीन वर्षांतल्या अशा नोंदींची नुसती यादी हवी होती.

आता फोन थांबेनात. वॉचमन बाळाची बायको तर म्हणाली, "आत गेला, बाहेर आला नाही? मग दोन वर्षं माझ्याकडे जेवतोय तो कोण?" सगळे खो खो हसले. उन्मेषही हसला, पण त्याचं लक्ष गेटकडे होतं.

अकराच्या सुमारास विठा आली. शिवमंदिराजवळ बेल-फुलं विकणारी, राहायला बुवापाड्यात. तिचा नवरा नाथा इथल्या टाक्या धुवायचा. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तो घरी पोचलाच नाही. सहाला कार्ड दाखवून बाहेर पडला, असं कंपनीने लिहून दिलं. खाली सही उन्मेषची.

तेव्हापासून दर सोमवारी उन्मेष तिच्याकडून बेल घ्यायचा, बदलापूरहून कामावर येताना मुद्दाम वाट वाकडी करून. तिच्या डोळ्यांत बघायची छाती नव्हती. 'हाराची ऑर्डर घेतली जाईल' असं लिहिलेला पुठ्ठा आणि खालचा नंबर वाचत उभा राहायचा.

"सायब, ह्ये काय आलंय?" विठाने मोबाइल पुढे केला.

'नाथा. १४ मार्च. आत गेल्याची नोंद आहे, बाहेर आल्याची नाही.'

"लोक म्हनतात, पळून गेला, दुसरी केली. मी पन लय शिव्या घातल्या त्याला. कुठं हाय माझा मानूस?"

"चूक झाली, वहिनी," उन्मेष म्हणाला. "मशीनची."

चैत्राली मॅडमनी खुर्ची ओढून त्या दिवसाच्या मूळ नोंदी उघडल्या. नाथा, आत, सकाळी सात बावन्न. पुढचा रकाना रिकामा होता. त्यांनी खिडकीतून मागे पाहिलं.

"ती मागची टाकी स्लॅब टाकून कधी बंद केली?"

"पंधरा मार्चला," उन्मेष लगेच म्हणाला.

मॅडमनी विठाला बसवलं, पाणी दिलं आणि पोलिसांना लावायला फोन उचलला. मग फाइलमधला नाथाचा भरतीचा फॉर्म बघून मध्येच थांबल्या.

"एक मिनिट. फॉर्मवर नाथाने घरचा म्हणून स्वतःचाच नंबर दिला होता. तो फोन तर त्याच्याबरोबरच गेला. मग मेसेज हिच्याकडे आला कसा?"

विठाने मान वर करून उन्मेषकडे पाहिलं. या वेळी त्याने नजर चुकवली नाही.

"सोमवारी मी बदलला," तो म्हणाला. "पुठ्ठ्यावरून बघून."