सात उंदीर

"किती?" दामोदरने खिडकीकडे तोंड करूनच विचारलं.

मागे पिंजऱ्यापाशी उकिडवा बसलेला प्रयोगशाळेचा शिपाई बसवंत हलक्या आवाजात म्हणाला, "एळु... एळु."

एळु म्हणजे सात. पुण्याहून बंगळूरला येऊन वर्ष झालं, तरी दामोदरचं कन्नड चिकपेटेतल्या भावताव करण्याच्या आकड्यांपुढे सरकलं नव्हतं. त्याने वहीत लिहिलं : दहापैकी सात जिवंत. बसवंतने पिंजरा नेला आणि धुऊन आणला.

कोकेनने उंदरांना झटके येत, ते दामोदरला बघवत नसे. संशोधक म्हणवून घ्यायचं आणि पाठ फिरवून बसायचं, याची त्याला लाज वाटे. पण मान काही वळत नसे. नुसत्या कोकेनने दहाच्या दहा मेले होते. आज आधी नवं गुंगीचं औषध दिलं, तर सात वाचले. साहेब खूश झाले. १९५८च्या अहवालात दामोदरचं नाव छापून आलं आणि नोकरी कायम व्हायची चिन्हं दिसू लागली.

मग साहेबांनी तोच प्रयोग स्वतः समोर बसून करवला. तीनदा. एकही उंदीर वाचला नाही.

दामोदरच्या पायाखालची वाळू सरकली. आपण पाहिलंच नव्हतं, हे कबूल केलं असतं तर नोकरी गेली असती. त्याने बसवंतचं नाव पुढे केलं. साहेब लखनौचे. त्यांनी बसवंतला बोलावून हिंदीत एवढंच विचारलं, की तू त्या दिवशी 'एळु' म्हणालास का?

बसवंतने मान खाली घातली. "हां साब. नहीं बोलना था."

त्याला त्याच दिवशी काढून टाकलं.

पुढे महिनाभर दामोदरला अन्न गोड लागेना. बायकोच्या डोळ्याला डोळा देणंही त्याला जड जाऊ लागलं. शेवटी एका रविवारी सकाळी तो पत्ता विचारत बसवंतच्या घरी निघाला. आपणही पाठ फिरवून बसलो होतो हे सांगून टाकायचं, आणि खोट्या आकड्याबद्दल त्याला मोठ्या मनाने माफ करायचं, असं त्याने ठरवलं होतं.

दार उघडंच होतं. आत बसवंत चटईवर गाढ झोपलेल्या आपल्या लेकीपाशी बसला होता. तिच्या पाठीवरून हात फिरवत तो हलक्या आवाजात म्हणाला, "एळु... एळु."

पोरगी डोळे चोळत उठून बसली.