चेंबरचं पॅकिंग

"आबा, दहाचा पाना मागितला मी! हा तेराचा हाय!"

किरणने गाडीखालून पाना बाहेर ढकलला. खाली पडल्या पडल्या त्याला आबांचे नुसते पाय दिसत होते. ते थोडे मागे सरकले, पुन्हा पुढे आले. लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज झाला आणि दुसरा पाना आत आला. तोही दहाचा नव्हता. किरण दात-ओठ खात सरपटत बाहेर आला, हवा तो पाना स्वतःच उचलला आणि पुन्हा आत घुसला.

आबा, म्हणजे किरणचे वडील केरू, जन्मभर मुंबईत टॅक्सी चालवून गावी परतले ते ही जुनी फियाट घेऊनच. पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या त्या वाडीत अशी गाडी दुसऱ्या कुणाची नव्हती, आणि आबा तिच्या स्टिअरिंगला कुणाला हात लावू देत नसत. पोटच्या पोरालाही नाही. पण गाडी गळायला लागली होती. इंजिनाखाली तेल साठवणारं चेंबर असतं, त्याच्या काठावर बसवलेलं कॉर्कचं पॅकिंग वाळून तडकलं होतं. पावसाळ्यापासून गाडी अंगणात नुसती उभी होती. आई गेल्यापासून आबाही तसेच, एकटे.

आता उन्हाळ्याच्या सुट्टीत किरणची लेक श्रुतिका आजोबांकडे आली होती आणि उद्या आबा नातीला गाडीतून वरंध घाटाने भोरला, तिच्या मामाकडे सोडणार होते. साऱ्या वाडीला सांगून झालं होतं. म्हणून किरण महाडच्या कारखान्यातून मिळालेली एकुलती एक रजा गाडीखाली उताणा पडून घालवत होता.

सकाळीच एकदा सगळं करून झालंही होतं. चेंबर उतरवलं, जुनं पॅकिंग खरवडून काढलं. नव्याला फटी बुजवणारी पेस्ट लावायची वेळ आली तेव्हा आबा हटून बसले. "ते काम माझं. तुला नाय जमायचं." चेंबर चढवलं, तेल ओतलं, इंजिन सुरू केलं, आणि थेंब कसला, धारच लागली. पुन्हा उघडून बघितलं तर पॅकिंग एका कोपऱ्यात दुमडलेलं, भोकावर भोक नाही, पेस्टचा एकीकडे ढीग आणि दुसरीकडे पत्ता नाही.

"हे काय लावलंय, आबा?"

"पॅकिंगच वाईट. हल्लीच्या मालात दम नाय."

रणरणत्या उन्हात मोटारसायकल काढून किरण महाडला गेला आणि दुसरं पॅकिंग घेऊन आला. या वेळी पेस्ट त्याने स्वतः लावली. आबा बाहेर बसून बोलतच होते.

"समोरासमोरचे बोल्ट आवळ रे. एकदम नको. पॅकिंग फुटंल."

"ठाऊक हाय मला!"

"ठाऊक हाय तर मघाशी कशाला गळलं?"

किरणने पुढचा बोल्ट आवळला.

उन्हं कलताना काम संपलं. तेल भरून किरणने गाडीखाली कोरा पुठ्ठा अंथरला. स्वतः दार उघडं ठेवून सीटवर बसला, तेही आबांची कुरकुर ऐकत, आणि इंजिन सुरू केलं. ते छान घुमायला लागलं.

"आबा, खाली बघा. पुठ्ठ्यावर थेंब दिसतो का?"

आबा गुडघे टेकून वाकले. किरण दारातून डोकावून बघत होता. आबांनी गाडीखाली पाहिलंच नाही. त्यांची मान वरच होती, नजर समोर कुठेतरी, आणि तळहात पुठ्ठ्यावरून सावकाश फिरत होता. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मग त्यांनी बोटं नाकाशी नेऊन हुंगली. उठताना समोरच ठेवलेला तेलाचा पिवळाजर्द डबा त्यांच्या हाताने कलंडला. तो शोधायला ते जमीन चाचपू लागले. डबा त्यांच्या डोळ्यांसमोर पडला होता.

"कोरडं हाय!" आबा ओरडले. "सकाळी जाऊ बघ. आता कशाची भीती नाय."

किरणने इंजिन बंद केलं. दिवसभराचा राग कुठे गेला ते त्याला कळलं नाही. चुकीचे पाने, दुमडलेलं पॅकिंग, ती पेस्ट. आणि उद्या घाटातली वळणं, कडेची दरी, आणि आबांच्या शेजारी श्रुतिका. घरातून तिचा आवाज येत होता. ती गाणं म्हणत बॅग भरत होती.

'आबा, तुम्हाला दिसत नाय ना?' एवढंच विचारायचं होतं. शब्द ओठांवर आले. पण आबांचा चेहरा फुलला होता. गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून ते उभे होते.

किरण पुन्हा गाडीखाली गेला. दिवसभर जिवापाड आवळलेल्या बोल्टांपैकी दोन त्याने सैल केले. काठावर तेल जमलं, लोंबलं आणि पुठ्ठ्यावर टपकलं.

"आबा," तो खालूनच म्हणाला, "गळतंय अजून. उद्या नाय जमायचं. मी एस्टीनं सोडतो तिला."

आता कडाक्याचं भांडण होणार म्हणून तो पडून राहिला. आबांचे पाय थोडे मागे सरकले.

"माझ्या हाताला तर कोरडं लागलं होतं," आबा हळूच म्हणाले. "पण तू म्हणतोस, तर गळत असंल रे."