एकच किट

मुलींच्या सामन्याची आठ मिनिटे शिल्लक होती, आणि मुलांचा सामना शेजारच्या मैदानावर पाच मिनिटांत सुरू व्हायचा होता. शाळेच्या हॉकी क्लबकडे गोलरक्षकाचे किट एकच होते. एरवी त्यामुळे काही अडत नसे. मुली आधी खेळत, मुले नंतर, आणि मधल्या अर्ध्या तासात हेल्मेट, छातीचे कवच, हातमोजे आणि पायांचे पॅड एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जात. आज पाहुण्या मुलींची बस पस्तीस मिनिटे उशिरा आली होती. दुसऱ्या किटसाठी केलेला अर्ज तीन वर्षे विचाराधीन होता.

दोन्ही संघांना मिळून प्रशिक्षकही एकच होते. एरवी ते शाळेत भौतिकशास्त्र शिकवत. ते नुकतेच मुलांच्या सामन्याच्या पंचांना भेटून आले होते. "सर, यानंतर अजून दोन सामने आहेत इथे. वेळेवर उभे राहा, नाहीतर मला समोरच्यांना विजयी घोषित करावं लागेल," पंच म्हणाले होते. पंचांचे चुकत नव्हते.

चेंडू सीमारेषेबाहेर जाताच सरांनी गोलरक्षक मुलीला हाक मारली.

तिला सगळे 'भिंत' म्हणत. हे नाव मुलांच्या गोलरक्षकाने मोसमाच्या तिसऱ्या सामन्यानंतर ठेवले होते, आणि "भिंत आहे, पण दारं-खिडक्यांची" असा खुलासाही सोबत केला होता. नऊ सामन्यांत तिच्यावर एकेचाळीस गोल झाले होते. आज, गटातल्या पहिल्या क्रमांकाच्या संघाविरुद्ध, बावन्न मिनिटांत एकही झाला नव्हता.

"काय, सर?" तिने हेल्मेट वर सरकवले.

"किट काढ."

तिने शेजारच्या मैदानाकडे पाहिले. समजावून सांगावे लागले नाही.

"आठ मिनिटं राहिलीत."

"माहीत आहे."

"शून्य-शून्य आहे, सर. या वर्षी एकदाही असं झालेलं नाही."

"तेही माहीत आहे." सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हे बघ. तुम्ही जिंकलात तरी तळालाच राहणार. मुलांची नुसती बरोबरी झाली तरी ते वरच्या गटात टिकतात. मी दोनदा मांडून पाहिलंय."

"तुमचं गणित चुकत नाही, सर," ती म्हणाली. तिने हे टोमणा म्हणून म्हटले असते, तर त्यांना सोपे गेले असते.

तिने तिथेच बसून पट्टे सोडायला सुरुवात केली. मुलांचा गोलरक्षक धावत आला आणि सुटेल तो पॅड उचलू लागला.

"आवर गं बाई, बांधायलाच चार मिनिटं जातात."

"डावीकडचं बक्कल नीट आवळ. सुटतं ते."

"माहितीये मला."

"माहितीये म्हणे. मागच्या वेळी पॅड एकीकडे होता आणि तू एकीकडे."

गोलरक्षक न ठेवता अकराही जण साधे खेळाडू म्हणून खेळवता येतात, असा नियम आहे. तिने राखीव स्टिक घेतली आणि ती परत निघाली. सरांनी तिला थांबवले.

"गोलच्या तोंडाशी राहा, पण अंगावर घेऊ नकोस. जोरात मारलेला आला की सरळ बाजूला हो."

"आणि आत गेला तर?"

"जाऊ दे. एकशे साठ ग्रॅमचा दगड असतो तो. नववीत शिकवलंय मी."

"शिकवलंय," ती म्हणाली.

मुलांच्या मैदानावरून मुलींचे मैदान दिसत नसे. मधे कपडे बदलण्याच्या खोल्या होत्या. सामना सुरू होताच पलीकडून शिट्टी ऐकू आली. सरांनी घड्याळ पाहिले. तिकडची तीन मिनिटे अजून बाकी असायला हवी होती, म्हणजे ही शिट्टी सामना संपल्याची असू शकत नव्हती. ते पुन्हा समोर पाहू लागले.

मुलांचा सामना शून्य-शून्य सुटला. मुलांनी एकमेकांना उचलून घेतले. गणित बरोबर आले होते. साठ मिनिटांत पाहुण्यांचा एकही चेंडू गोलपर्यंत पोचला नव्हता.

"मी नुसता उभा होतो, सर," किट पिशवीत भरताना गोलरक्षक म्हणाला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा बराच खाली होता.

सर ती पिशवी घेऊन पलीकडे गेले. बाकीच्या मुली घरी गेल्या होत्या. किट धुवायला नेण्याची या आठवड्याची पाळी तिची होती, म्हणून ती गोलच्या खांबाला टेकून बसली होती.

"लागलं नाही ना कुठे?"

"नाही. बाजूला झाले मी."

"बरोबर केलंस."

"हो." तिने गोलरेषेकडे पाहिले. "त्यांच्या मुलीने स्टिक मागे नेली ना, सर, तेव्हाच मला वाटलं, जोरात येणार. मी लगेच सरकले. तिचा फटका नीट लागलाच नाही. घरंगळत आला चेंडू. इतका हळू, की आत जाईपर्यंत मला नीट बघता आलं."

हळू येणाऱ्या चेंडूची एकच शक्यता सरांनी मांडून पाहिली नव्हती.

ती उठली. सरांनी पिशवी खाली ठेवली नाही.

"आज मी नेतो धुवायला."

"राहू द्या, सर. पाळी माझी आहे."

तिने पिशवी त्यांच्या हातातून घेतली आणि खांद्यावर टाकली. मैदानाच्या अरुंद फाटकातून तिला पिशवीसकट जाता येईना. तिने पिशवी उतरवली, पायाने आधी पलीकडे ढकलली, आणि मग स्वतः गेली.