गाडीखालचा डाग

मिस्त्री गाडीखालच्या खड्ड्यात उभा राहून टॉर्च फिरवत होता आणि काका वरून वाकून पुन्हा पुन्हा विचारत होते, सापडलं का. सापडण्यासारखं काही नव्हतं. चाकं वळवणारा स्टिअरिंगचा रॅक कोरडा, पाईप कोरडे, दोन महिन्यांपूर्वी त्यानंच बदललेले सील जागच्या जागी. ऑईलची टाकी खुणेपर्यंत भरलेली.

काकांनी बत्तीस वर्षं बस चालवली होती. निवृत्तीनंतर त्यांनी ही जुनी गाडी घेतली तेव्हा ती खरंच गळत होती आणि मिस्त्रीनं गळती बंद करून दिली होती. तरी या महिन्यात ते तिसऱ्यांदा आले होते. वळणावर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं आणि रोज सकाळी गाडीखाली डाग असतो, असं त्यांचं म्हणणं. मिस्त्रीनं मघाशी स्वतः एक चक्कर मारून पाहिली होती. स्टिअरिंग लोण्यासारखं फिरलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण बत्तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला हे तोंडावर कोण म्हणणार? म्हणून तो खड्ड्यात उतरला होता.

आज काकांनी पुरावाच आणला होता. रात्री गाडीखाली अंथरलेला पुठ्ठा. मिस्त्री वर आला, पुठ्ठा उजेडात धरला आणि डागावर बोट फिरवलं. स्टिअरिंगचं ऑईल लाल असतं. हे पाण्यासारखं होतं. त्यानं वास घेतला. असला वास शिलाई मशीनच्या तेलाला येतो.

बाकावर काकू बसली होती. ती लोकांचे पडदे शिवून द्यायची. आताही मांडीवर कुणाचा तरी पडदा घेऊन दुमड घालत होती. मिस्त्रीनं पुठ्ठ्यावरून तिच्याकडे पाहिलं तशी तिची सुई थांबली. काका हात धुवायला मागं गेले. ती उठून जवळ आली.

“मीच टाकते,” ती म्हणाली.

मग तिनं भराभर सांगून टाकलं. काकांच्या उजव्या हातातला जोर चालला होता. तो परत यायचा नाही, कमीच होत जाईल, असं डॉक्टरांनी तिला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं होतं. एके दिवशी वळणावर गाडी वळेना. त्या दिवशी काका घरी आले ते जेवले नाहीत, नुसते हाताकडे बघत बसले. तिला ते बघवेना. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं गाडीखाली चार थेंब टाकले. गाडीच गळतेय म्हटल्यावर माणूस पोटभर जेवला. तेव्हापासून ती रोज टाकत होती. पण गाडी आज ना उद्या दुरुस्त होईल म्हणून काका चालवतच राहिले, आणि काल शाळेच्या फाटकाशी चाक फुटपाथवर चढलं. दप्तर घेतलेली एक मुलगी नुकतीच तिथून हलली होती.

“आता तूच सांग बाबा, गाडी गेली म्हणून,” काकू म्हणाली. “हात गेला असं त्यांना कुणी सांगायला नको.”

मिस्त्रीनं मागं वळून पाहिलं. गॅरेजमध्ये आणखी तीन गिऱ्हाइकं आपापल्या गाड्यांसाठी थांबलेली होती. आपण केलेलं काम परत दुरुस्तीला येत नाही, हे तो त्यांना कैकदा छाती ठोकून सांगत आला होता. त्याला मनातून वाईट वाटत होतं. काकांसाठी वाटत होतं, आणि खोटं कशाला, थोडं स्वतःसाठीही वाटत होतं.

काका रुमालाला हात पुसत आले. मिस्त्रीनं घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “काका, चूक माझी आहे. माझ्या हातून सील नीट बसलं नाही, त्यात रॅक गेला. या गाडीचा रॅक आता कुठं मिळत नाही. ही गाडी चालवू नका तुम्ही.”

तिन्ही गिऱ्हाइकांनी माना वळवल्या. काकांनी बॉनेटवर हात टेकला. बत्तीस वर्षांत एक ओरखडा नाही, एवढंच ते म्हणाले, आणि ते कुणाला उद्देशून होतं हे कळलं नाही. काकूनं पडद्याची घडी केली आणि टॅक्सी बघते म्हणून ती रस्त्यावर गेली.

ती गेल्यावर काकांनी डाव्या हातानं किल्ली काढून मिस्त्रीच्या हातात ठेवली. गाडी विकून टाक, म्हणाले. मिस्त्रीला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. तो पुन्हा चूक झाली म्हणू लागला तसं त्यांनी त्याला थांबवलं.

“काम चोख केलंयस तू. डाव्या हाताच्या एका बोटावर फिरतं स्टिअरिंग.” ते रस्त्याकडे बघत होते. “तो डाग खरा असावा अशी माझीच इच्छा होती रे. पण तिचे गुडघे गेलेत. रोज पहाटे भिंतीला धरून गाडीखाली वाकायची. आता झोपेल तरी जरा.”