मनोऱ्याची वाट

जावयाने आणखी एक कोवळं झाड एका घावात तोडलं. झाड वाटेत आडवं आलेलं नव्हतं.

"पाय उचला, मामा. दिवस काय तुमच्यासाठी थांबणारे?"

सासरे धापा टाकत वर आले. त्यांच्या पाठीवर रॉकेलचा डबा होता. डोंगरमाथ्यावर वणव्यावर नजर ठेवायला लाकडी मनोरा होता आणि त्याच्या टोकावरच्या काचेच्या खोलीत त्यांची मुलगी उन्हाळाभर एकटी पहाऱ्याला असे. तिच्या स्टोव्हचं रॉकेल तेच पोचवत. वाट त्यांनाच माहीत होती.

"जावईबापू, नुसतं बोलायचंय ना?"

"मग? नांदायचं नसेल तर तोंडावर सांगू दे." जावयाने कोयत्याची धार अंगठ्याने पाहिली. "मागच्या वेळी बोलणं अर्धवट राहिलं."

मागच्या वेळी तिची दोन बोटं मोडली होती.

पुढे वाट फुटली. डावी मनोऱ्याकडे चढत होती, उजवी दरीत उतरून झाडीत हरवत होती.

"आता?"

सासऱ्यांनी उजवीकडे पाहिलं. एक शब्द पुरला असता. पण खोटं बोलायची जिभेला सवय नव्हती.

"डावी," ते म्हणाले.

जावई खूश झाला. "द्या तो डबा इकडे. या वयात ओझी कसली उचलता!" त्याने डबा खांद्यावर घेतला. सासऱ्यांना बरं वाटलं. पोरगा अगदीच वाईट नाही, समजुतीने घेतलं तर मिटेल.

तिने दोघांना केव्हाच पाहिलं होतं. दिवसभर दुर्बिणीतून जंगल न्याहाळणं हेच तिचं काम.

"बाबा, तुम्ही एकटेच या," ते मनोऱ्याखाली पोचताच ती वरून ओरडली.

"जा मामा, समजवा पोरीला." जावयाने डबा जिन्याशी ठेवला. डबा नेहमी तिथेच राही. नंतर ती दोरी सोडून तो वर ओढून घेई, म्हणून सासरे काही बोलले नाहीत.

जिना मनोऱ्याच्या चार खांबांच्या मधून वळत वर जात होता आणि खोलीच्या जमिनीतल्या झाकणाशी संपत होता. तिने बापाला हाताला धरून आत ओढलं, झाकण टाकलं, कडी लावली.

"एकदा बोलून घे, बाळ. बोलल्याने माणूस..."

"कोयता घेऊन बोलायला येतात का, बाबा?"

झाकणावर खालून घाव बसला. पुढच्या घावाला पातं फळी फोडून सासऱ्यांच्या चपलेशेजारी वर आलं. तिने स्टोव्हवरचं उकळतं पातेलं उचललं आणि फटीत ओतलं. खालून जो आवाज आला तो माणसाचा वाटला नाही. मग धडपडत कोणी जिना उतरल्याचा आवाज आला.

"गेला वाटतं," सासरे म्हणाले.

तिने वास घेतला. "बाबा, रॉकेलचा डबा कुठे आहे?"

त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. दरीकडच्या दोन खांबांवरून धूर वर येत होता.

"धूर केला की माश्या आपोआप पोळं सोडतात!" जावई ओरडला. अर्धा चेहरा सोललेला, हातात कोयता, तो मनोऱ्याभोवती फिरत होता.

तिने वायरलेस उचलला. "मनोऱ्यावरून बोलतेय. आग लागलीय."

"दिशा सांगा," खालच्या कचेरीतला माणूस सवयीने म्हणाला.

खोलीच्या मधोमध टेबलावर नकाशा होता आणि त्यावर दिशा घ्यायची पितळी पट्टी. ती गोल फिरत असे. खाली वळत नसे.

"दिशा नाही. माझ्या पायाखाली."

"बाई, दिशा सांगितल्याशिवाय माणसं पाठवू कुठे?"

"मनोराच जळतोय!" तिने वायरलेस टाकला आणि डब्याची दोरी खिडकीला बांधून खाली सोडली. दोरी जमिनीला टेकताच जावई तिथे आला. त्याने कोयत्याच्या टोकाने ती हलवून पाहिली आणि वर बघून हसला. तिने दोरी ओढून दुसऱ्या खिडकीतून सोडली. तो तिथेही आला.

जमिनीच्या फळ्या तापू लागल्या. सासरे काही वेळ खालच्या त्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी झाकणाची कडी काढली.

"बाबा!"

"मी बोलतो त्याच्याशी. तो जिना चढायला लागला की तू उतर."

ते धुरात काही पायऱ्या उतरले. आवाज मात्र नेहमीचा होता, दारी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसा.

"जावईबापू, वर या. पटलं तिला. नांदायला येते म्हणतेय. पाय मुरगळलाय, उचलून न्यावं लागेल."

खाली फिरणारी पावलं थांबली. मामा खोटं बोलत नाहीत, हे जावयालाही ठाऊक होतं. पायऱ्या वाजू लागल्या.

ती खिडकीबाहेर लोंबकळली. मोडलेली बोटं दोरीवर वळत नव्हती. तळवे सोलत ती घसरत निघाली. आत जिन्यात पायऱ्या वाजायच्या थांबल्या. मग कोयत्याचा आवाज आला, लाकडावर येतो तसा नव्हे, ओला. पुन्हा आला. पुन्हा.

तिचे पाय जमिनीला लागले तेव्हा जावई किंचाळत होता. "सोडा! मामा, सोडा मला! जिना पेटलाय!"

आणि धुरातून बापाचा आवाज आला, थकलेला, समजुतीचा.

"बसा, जावईबापू. बोलू आपण."