दूध केंद्रातली नवी डिस्क

लाईट जाऊन आली आणि कॉम्प्युटरनं पुन्हा मान टाकली. पडद्यावर पांढरं चक्र गरगरत राहिलं आणि कोल्हारच्या दूध केंद्रापुढं किटल्यांची रांग पार रस्त्याला लागली.

"आई, आता ती नवी एसएसडी डिस्क टाकूच," मोनिका सासूला म्हणाली. "जुन्या डिस्कमध्ये तबकडी फिरते, म्हणून वेळ लागतो. नवीमध्ये फिरायचं काही नाहीच."

"फिरायचं न्हाई तर काम कसं करंल? बसून?" चांगुणाबाईंनी विचारलं. "तसला एक घरात हायच, तुझा नवरा."

रांग खो खो हसली. केंद्र चांगुणाबाईंचं. दूध बोटावर घेतलं की मशीनच्या आधी त्या पाणी ओळखत, आणि पाणी घालणाऱ्याला चारचौघांत असं काही बोलत, की तो गडी आठवडाभर तोंड दाखवत नसे.

"दगा देती का ही नवी?" त्यांनी विचारलं.

"तसा देत नाही. पण गेलीच तर एकदम जाते. जुनी आधी कुरकुरते तरी."

"मग जुनीच बरी की. कुरकुरलं म्हंजी कळतं तरी, जित्तं हाय."

"आई, समोर नवं केंद्र निघालंय. तिथं पावती लगेच मिळते. आसाराम गेलासुद्धा. आणखी चार घरं गेली, तर आपल्याला कुलूप लावावं लागेल."

चांगुणाबाईंनी समोरच्या केंद्राकडं पाहिलं. कुलपाची गोष्ट चेष्टेची नव्हती.

"घाल की गं चांगुणे!" बाकड्यावरून पुष्पावती ओरडली. ती गल्लीच्या टोकाला एकटी राहायची. पोरं पुण्याला. रोज सगळ्यांच्या आधी यायची, बाकडं धरायची आणि नंबर मात्र शेवटचा लावायची. "माझी गाय दुसऱ्यांदा पान्हा सोडंल, तरी तुझी पावती निघायची न्हाई!"

"दूध आनतीस वाटीभर आन् तोंड पिंपभर!"

"उद्यापासनं समोरच घालते बघ!"

"जा की! तिथं बसायला बाकडं पन न्हाई."

"बाकड्याचं काय कवतिक सांगतीस! त्याचा खिळा टोचून माझं लुगडं फाटलं."

"तुझी जीभ लागली असंल त्याला!"

तासभर हे असंच चाललं. पावती हातात पडली तेव्हा उन्हं वर आली होती, आणि पुष्पावतीचा चेहरा लग्नाहून परतल्यासारखा खुलला होता.

दोन दिवसांनी नवी डिस्क बसली. जुन्यातलं सगळं मोनिकानं नव्यात उतरवून घेतलं. बटण दाबलं आणि चांगुणाबाईंचा पदर सावरून होईतो पडदा उजळला. किटली ठेवली की पावती बाहेर. रांग अशी नव्हतीच. आसारामसुद्धा मान खाली घालून परत आला.

पुष्पावती बाकड्यावर टेकते न टेकते, तोच मोनिकानं तिला हाक मारली आणि पावती हातावर ठेवली.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं, मावशी."

तिनं पावतीकडं पाहिलं, बाकड्याकडं पाहिलं आणि किटली उचलून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

चौथ्या दिवशी दूध घेऊन झालं, तशा चांगुणाबाई म्हणाल्या, "मोनिका, ती जुनी डिस्क परत घाल."

मोनिका बघतच राहिली. "आई, आत्ता कुठं केंद्र सावरलंय!"

"आसारामाला बाकड्यावर बसवीन मी. तू घाल."

"पुष्पामावशींच्या एका किटलीसाठी? अहो, त्या समोर जात नाहीत, मी बघितलंय. गाय आटली असेल त्यांची. व्याली की येतील परत."

"कशी व्यायची?" चांगुणाबाई म्हणाल्या. "गाय तिनं दिवाळीतच घोडेगावच्या बाजारात इकली. तवापासनं रोज दुकानातली पिशवी फोडून किटलीत आनती ती."